एकतीस नंबरचा तारा शांत आहे

बाईंना माणसं आवडत नसत असं नाही. आवडायची, पण ती गप्प बसलेली असली तर, आणि त्यांनी ग्रहांचा विषय काढला नाही तर. या दोन अटींत बसणारी माणसं त्या संस्थेत चारच उरली होती आणि त्यातला एक माळी होता.

बाईंचं काम ताऱ्यांचं. तेही सरसकट सगळ्या ताऱ्यांचं नव्हे, आपल्या सूर्यासारख्या ताऱ्यांचं. चोवीस वर्षांपूर्वी त्यांनी असे चाळीस तारे निवडले, त्यांना नंबर दिले आणि जुन्या इमारतीच्या गच्चीवर एक लहान दुर्बीण बसवून घेतली. दुर्बीण रात्री आपली आपण एकेका ताऱ्याकडे वळायची, त्याचा उजेड मोजायची. बाई सकाळी साडेसातला यायच्या, चष्मा पुसायच्या आणि ते चाळीस आकडे एका जाड नोंदवहीत स्वतःच्या हाताने उतरवायच्या. आकडे संगणकात असतातच की, असं कुणी म्हटलं तर बाई त्याच्याकडे अशा बघायच्या की तो पुन्हा त्या जिन्याने वर येत नसे.

एवढा खटाटोप कशासाठी, तर डागांसाठी. सूर्यावर जसे थंड, काळपट डाग येतात तसे या ताऱ्यांवरही येतात. डाग आपल्या बाजूला फिरून आला की तारा हजारात दोन-तीन भाग मंद होतो. डोळ्यांना ते कधीच दिसायचं नाही. पण बाईंच्या वहीत ते दिसायचं. अशा एकवीस वह्या कपाटात ओळीने उभ्या होत्या आणि बाईंचं आयुष्य म्हणजे ते कपाट. संस्थेतली नवी मंडळी त्यांना पाठीमागे 'डागवाली बाई' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं. निदान आपल्याला काय दिसतं हे तरी त्या नावात आहे, असं त्यांचं म्हणणं.

नवी मंडळी म्हणजे ग्रहविभाग. समोरची काचेची इमारत त्यांची. दुसऱ्या ताऱ्यांभोवती जे ग्रह फिरतात त्यांच्या हवेत काय काय आहे, हे शोधून काढणं हा त्यांचा उद्योग. पद्धत तशी सोपी. ग्रह ताऱ्याच्या समोरून जातो तेव्हा ताऱ्याचा थोडा उजेड ग्रहाच्या हवेतून गाळून आपल्यापर्यंत येतो. हवेतला वायू त्यातले काही ठरावीक रंग खाऊन टाकतो. कुठले रंग गायब झाले हे बघायचं आणि खाणारा कोण ते सांगायचं. बाईंना या पद्धतीबद्दल तक्रार नव्हती. तक्रार होती ती ही, की या लोकांना तारा म्हणजे नुसता दिवा वाटतो. ग्रह बघायचा म्हणून पेटवलेला. त्या दिव्याला स्वतःचा चेहरा आहे, त्यावर डाग आहेत, तो फिरतो, याची त्यांना काडीची फिकीर नाही.

या विभागाच्या प्रमुखाला बाई मनातल्या मनात 'दवंडी' म्हणत. एकदा नवऱ्यासमोर तोंडातून निघून गेलं आणि मग घरात तेच नाव रूढ झालं. दवंडी दिसायला देखणा, आवाज भरदार, आणि छातीवर कायम तो छोटा माइक लावलेला, शर्टाबरोबरच शिवल्यासारखा. त्याने गेल्या पाच वर्षांत तीन ग्रहांवर ढग, एकावर वादळ आणि एकावर 'आशेला जागा' जाहीर केली होती. वादळाचं पुढे काय झालं ते कुणी विचारलं नाही. बाईंनी विचारलं होतं. तेव्हा तो हसून म्हणाला होता, "मॅडम, विज्ञान पुढे जातं." बाई म्हणाल्या होत्या, "मागे काय ठेवून जातं ते पण बघत जा."

तर आता गोष्ट अशी झाली होती की संचालकांकडून बाईंना एक पत्र आलं. संचालक म्हणजे आयुष्यात निर्णय न घेण्याचा एकच निर्णय घेतलेला माणूस, त्यामुळे पत्रातही कर्ता नव्हता. हंगाम संपल्यावर गच्चीवरची दुर्बीण बंद करण्याचं 'योजण्यात आलं होतं', आणि बाईंची खोली ग्रहविभागाला ध्वनिचित्रणासाठी देण्याचं 'सुचवण्यात आलं होतं'. अंतिम विचार महिन्याभराने होणार होता. बाईंनी पत्र दोनदा वाचलं. आपल्या कपाटाच्या जागी दवंडी उभा राहून, भिंतीला निळा पडदा लावून, आशेला जागा देणार हे चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर आलं आणि त्यांनी पत्राची घडी करून हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातली. टेबल हलायचं थांबलं. एकदा नोंद थांबली की थांबली. नंतर कितीही पश्चात्ताप झाला तरी न मोजलेला दिवस कुणी परत मोजून देत नाही.

आणि या सगळ्यात घरचीच एक काडी होती. बाईंची सून ग्रहविभागात होती.

सूनबाई आधी बाईंची विद्यार्थिनी. हुशार, चिकाटीची, आकड्यावर बोट ठेवून तासभर बसणारी. 'तळटिपा वाचल्याशिवाय लेख वाचला असं म्हणू नये' हे बाईंचं वाक्य तिने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं. मग बाईंच्याच घरी अभ्यासाला येता-येता ती बाईंच्या मुलाच्या प्रेमात पडली. त्याला बाईंची काहीच हरकत नव्हती. मुलगा दातांचा डॉक्टर, दिवसभर लोकांचे दात काढायचा, आणि एवढी बरी मुलगी त्याला मिळाली याचंच बाईंना आश्चर्य वाटलं होतं. पण लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ती तारे सोडून ग्रहांकडे गेली, आणि ते मात्र बाईंच्या जिव्हारी लागलं. मुलगा घेऊन वेगळी राहायला गेली तेव्हा बाईंनी आपणहून भांडी काढून दिली होती. पण ही जाऊन बसली दवंडीच्या हाताखाली!

तेव्हापासून संस्थेत सून सासूला 'मॅडम' म्हणे आणि घरी 'आई'. दोन्ही ठिकाणी बाई तिच्याशी सारख्याच तुटकपणे बोलत.

सात महिन्यांपूर्वीची गोष्ट. रविवार होता. बाई स्वयंपाकघरात मटार सोलत बसल्या होत्या, गॅसवर सूप होतं. सूनबाई शेजारी येऊन बसली, तिनेही शेंगा पुढ्यात ओढल्या.

"आई, तुमच्या यादीतला एकतीस नंबर. त्याच्यावर डाग कितपत असतात हो?"

"तुला कशाला हवंय?"

"आमचा नवा ग्रह त्याच्याभोवती आहे."

"आमचा ग्रह! जसा काही घरी दूध पाजून वाढवलाय."

सूनबाई हसली. तिला सवय होती. "तारा शांत आहे का, एवढंच हवंय. लेखात लिहावं लागेल."

"अगं, वय झालेला तारा आहे तो. त्याला काय धाड भरलीये? शांत आहे."

"नक्की ना? रोजचे आकडे मिळाले तर मी बघते."

"रोजचे आकडे वाचायला डोळे लागतात. तुमच्या विभागाला सरासरी बस झाली." आणि त्याच दुपारी बाईंनी फोनवरूनच तिला हंगामी सरासरीचा तक्ता पाठवून दिला. हंगामाला एक आकडा, चोवीस वर्षांचे चोवीस. रेघ अगदी सपाट. वही काही त्यांनी उघडली नाही. मग विषय सुपावर गेला. मीठ घातलंय का, असं सूनबाईने विचारलं, बाई घातलंय म्हणाल्या, आणि तिने वाढून घेतलं.

पत्र आल्यावर दहाव्या दिवशी ग्रहविभागाचा तो लेख टेबलावर येऊन पडला. एकतीस नंबरच्या ताऱ्याभोवतीच्या ग्रहावर पाण्याची वाफ. संस्थेचा रिवाज असा होता की कुठलाही लेख बाहेर जाण्याआधी गुरुवारी सगळ्यांसमोर त्याचं वाचन व्हायचं. कुणीही उठून आक्षेप घेऊ शकत असे. मात्र ज्याने आक्षेप घेतला त्याने तो मजकूर लेखातून शोधून, उभं राहून, मोठ्याने वाचायचा, आणि मग त्याची नोंद व्हायची. हा नियम बाईंनीच पंधरा वर्षांपूर्वी करवून घेतला होता. लोक न वाचता तोंड उघडतात, असं तेव्हा त्यांचं म्हणणं होतं.

बाईंनी लेख हातात घेतला तो दोन बोटांनी, ओलं फडकं धरावं तसा. ग्रहवाल्यांचे लेख त्या चित्रांपुरतेच बघत. शब्द वाचणं म्हणजे दवंडीचा आवाज कानात घेणं. पहिल्या पानावर ग्रहाचं रंगीत चित्र होतं, निळंशार, जसं काही कुणी तिथे जाऊन सहलीचा फोटो काढून आणला होता. बाईंनी नाक मुरडून पान उलटलं. दुसऱ्या पानावर तारखा होत्या. अवकाशातल्या मोठ्या दुर्बिणीने ग्रह तीनदा ताऱ्यासमोरून जाताना टिपला होता, बावन्न-बावन्न दिवसांच्या अंतराने.

बावन्न.

बाईंनी चष्मा वर केला. एकतीस नंबरचा तारा स्वतःभोवती फिरतो सव्वीस दिवसांत. त्याचे दोन फेरे झाले की ग्रहाचा एक होतो. म्हणजे ग्रह ज्या-ज्या वेळी समोरून जाणार, त्या-त्या वेळी ताऱ्याची तीच बाजू आपल्याकडे असणार. त्या उठल्या, एकविसावी वही काढली आणि एकतीस नंबरचं पान उघडलं. तिन्ही तारखांना आकडा खाली होता. हजारात तीन, हजारात तीन, हजारात अडीच. भलामोठा डाग, चार महिने तिथेच मुक्काम ठोकून बसलेला, आणि तिन्ही वेळा नेमका समोर.

आता डागाची गंमत अशी, की तो ताऱ्याच्या मानाने थंड असतो, इतका की त्यात पाण्याची वाफ टिकते. आपल्या सूर्याच्या डागांतही ती सापडते. ग्रह डागावरून न जाता शेजारच्या स्वच्छ भागावरून गेला, तर हिशेबात ताऱ्यातली ती वाफ ग्रहाच्या गळ्यात येऊन पडते. म्हणजे दवंडीने जे पाणी शोधलं होतं ते ग्रहावर नव्हतंच. ते ताऱ्यावर होतं. बाईंच्या ताऱ्यावर, बाईंच्या वहीत, बाईंच्या अक्षरात.

बाई खुर्चीत मागे टेकल्या आणि कित्येक महिन्यांनी मनापासून हसल्या. हा आकडा आपण स्वतः उतरवला तेव्हा आपल्याला कसा खटकला नाही, हा प्रश्न त्यांना पडायला हवा होता. पडला नाही. एवढ्या आनंदात असले प्रश्न कुणाला पडतात? त्यांच्या डोळ्यांसमोर गुरुवार उभा होता. दवंडी पाणी पाणी करत उभा राहणार, आणि आपण वही उघडणार. त्यानंतर ही दुर्बीण बंद करायची कुणाची छाती होते तेच त्यांना बघायचं होतं. ताऱ्याकडे न बघता ग्रहाबद्दल बोलणाऱ्यांची अशी भर सभेत शोभा झाली की संचालकांना वहीपुढे मान तुकवावीच लागेल. त्यांनी लेख मिटला. पुढची बारा पानं त्यांनी उलटलीसुद्धा नाहीत.

बुधवारी संध्याकाळी मुलगा आणि सून जेवायला आले. सूनबाईचा चेहरा खुलला होता. तिचं नाव लेखावर दुसरं होतं; सगळं मोजमाप तिचंच.

"आई, लेख वाचलात?" तिने ताटं मांडता-मांडता विचारलं.

"बघितला."

"कसा वाटला?"

"उद्या सांगेन. वाचन असतं कशासाठी?"

मुलगा म्हणाला, "आई, चांगला आहे एवढं तरी म्हण. सहा महिने ही झोपेतसुद्धा वाफेचं बोलतेय."

"चित्र छान आहे," बाई म्हणाल्या.

सूनबाई तेवढ्यावरही खूश झाली. ती पाणी आणायला आत गेली तेव्हा बाईंना क्षणभर कसंसंच झालं. पण तो क्षण गेला. ती दोघं गेल्यावर नवऱ्याने विचारलं, "काय चाललंय तुझ्या मनात?" नवरा शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला. आपलं एकाच ग्रहावर भागलं, असं तो सगळ्यांना सांगायचा.

बाईंनी त्याला सगळं सांगितलं. तारखा, बावन्न, सव्वीस, डाग. त्याने ऐकून घेतलं.

"मग पोरीला आत्ता का नाही सांगितलंस? समोर बसून जेवली की ती."

"तिला सांगितलं की ती दवंडीला सांगणार. तो गुपचूप लेख मागे घेणार, आणि वर म्हणणार, विज्ञान पुढे जातं. मग माझ्या दुर्बिणीचं काय?"

"आणि उद्या सगळ्यांसमोर ती तोंडघशी पडेल, त्याचं?"

"माझ्या हाताखाली शिकलीये ती. तारा न तपासता लेख लिहिलाच कसा तिने? पडू दे. लागल्याशिवाय शिकत नाही माणूस."

"बरं," नवरा म्हणाला. चष्मा काढून त्याने डोळे चोळले. "तुझ्या यादीत किती तारे आहेत म्हणालीस? चाळीस ना? एकेचाळिसावं माणूस धर एखादं." आणि तो उठून गेला. बाईंना राग आला. भूगोलाच्या मास्तरांना काय कळतंय?

गुरुवारी सभागृह भरलं होतं. दवंडीने माइक चाचपला, पाण्याचा घोट घेतला, तोही सगळ्यांना दिसेल असा, आणि म्हणाला, "मित्रहो, आज आपल्याला तहान लागेल." लोक हसले. बाई तिसऱ्या रांगेत, मांडीवर एकविसावी वही घेऊन बसल्या होत्या. हसणाऱ्यांची त्यांना कीव आली. अर्धा तास दवंडी बोलला. मग सूनबाई उठली आणि आकडे तिने वाचले, स्वच्छ, न अडखळता, एकही फाजील शब्द न वापरता. बाईंच्या मनात आलं, अशी वाचते आणि बसलीये कुठे!

"आक्षेप?" संचालकांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता कागद गोळा करायला घेतले.

"आहे," बाई म्हणाल्या.

त्या उभ्या राहिल्या आणि सात मिनिटं बोलल्या. वही उघडून तिन्ही तारखांचे आकडे वाचले. सव्वीस आणि बावन्नचा मेळ सांगितला. डागातली वाफ सांगितली. दवंडीच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी वाळत गेलं. पहिल्या रांगेत सूनबाईने पेन खाली ठेवलं आणि ती आपल्या हातांकडे बघत बसली.

"पण तारा तर शांत आहे," दवंडी म्हणाला. "आम्ही तसं स्पष्ट लिहिलंय."

"तुम्ही काहीही लिहाल हो! तुम्ही वादळही लिहिलं होतं." मागच्या रांगेत खसखस पिकली. बाईंना आता आवरेना. चोवीस वर्षं जिभेखाली दाबून ठेवलेलं सगळं वर आलं. "शांत म्हणे! रोजचे आकडे बघितले होते कुणी? सरासरी बघितली असेल. अहो, डागाबरोबर उजळ पट्टेही येतात. तेरा दिवस तारा मंद, तेरा दिवस उजळ. बेरीज करून भागा, रेघ सपाट होणारच. सरासरीत डाग दिसत नाही हे माझी पहिल्या वर्षाची मुलं सांगतील! तारा शांत आहे म्हणून कुठल्या दिवट्याने सांगितलं तुम्हाला? नाव कळू दे ना आम्हालाही!"

दवंडीने सूनबाईकडे बघितलं.

"सांगा ना," बाई म्हणाल्या. "कोण तो शहाणा? वही न उघडता तोंड उघडणारा?"

सूनबाई मान वर न करता म्हणाली, "तळटीप सतरा, आई."

त्या सभागृहात तिने आजवर कधी आई म्हटलं नव्हतं. बाईंना आधी तेवढंच ऐकू आलं. मग बाकीचं ऐकू आलं.

त्यांनी लेख उचलला. दुसऱ्या पानानंतरची पानं नवीकोरी, एकमेकांना चिकटलेली होती. अंगठा ओला करून ती सोडवावी लागली, आणि ते सगळ्यांनी पाहिलं. नवव्या पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात, ती होती. बाईंनी मनात वाचली.

"मोठ्याने वाचावी लागेल," संचालक म्हणाले. नियमाचा आधार मिळाला की त्यांना कंठ फुटत असे. "आपलाच नियम आहे."

शेंगा, सूप, फोनवरून पाठवलेला तो तक्ता, सगळं बाईंना आता लख्ख आठवलं. एक पळवाट समोर होती. घरातल्या गप्पा त्या, असं म्हणायचं. स्वयंपाकघरात बोललेलं कुणी लेखात घालतं का, असं म्हणायचं. सूनबाईच्या फोनमध्ये तो तक्ता अजून असणार, तरी ती तो दाखवणार नाही, हेही बाईंना पक्कं माहीत होतं. ती गप्प बसली असती, आणि दिवटी ठरली असती. नोकरीच्या जागी, सगळ्यांदेखत, बाईंच्या जागी.

बाईंनी वाचलं. "एकतीस क्रमांकाचा तारा शांत आहे, त्यावर दखल घेण्याजोगे डाग नाहीत. आधार, चोवीस वर्षांच्या नोंदींवरून तज्ज्ञाशी झालेला खासगी संवाद." आणि पुढे नाव. ते त्यांनी संपूर्ण वाचलं, पदव्यांसकट. आडनाव सूनबाईचंही तेच, त्यामुळे सभागृहाने आधी एकीकडे बघितलं आणि मग दुसरीकडे. मागून कुणीतरी नाकातून हसलं. बाईंनी आयुष्यभर इतरांकडे बघून जो आवाज काढला होता तोच तो. आपल्याला तो ऐकायला असा लागतो, हे त्यांना माहीत नव्हतं.

दवंडीचा रंग परत आला. "म्हणजे मॅडम, आम्ही विश्वास कशावर ठेवायचा? आपल्या वहीवर की आपल्या शब्दावर? दोन्ही तर एकाच माणसाचे."

"वहीवर," बाई म्हणाल्या. "शब्द चुकीचा होता. हिने रोजचे आकडे मागितले होते, मी दिले नाहीत. वही उघडली नाही. आणि हा लेखही मी वाचलेला नाही. तसं लिहून घ्या."

संचालकांनी लिहून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्यावर निर्णय घ्यायची वेळ आली आणि तो त्यांनी घेऊनही टाकला. लेख थांबला. ताऱ्याचे डाग मोजून काढून टाकल्याशिवाय पाण्याचं नाव घ्यायचं नाही असं ठरलं, आणि ते मोजायचे तर दुर्बीण हवी, म्हणून दुर्बीण वाचली. फक्त तिची जबाबदारी बाईंकडे ठेवणं योग्य होणार नाही, असं 'जाणवण्यात आलं'. ती सूनबाईकडे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला बाई खोलीत पोचल्या तेव्हा सूनबाई आधीच येऊन बसली होती. तिने खुर्ची टेबलाच्या अलीकडच्या बाजूला घेतली होती, पाहुण्यांच्या जागी. बाईंनी कपाटाची किल्ली तिच्यापुढे ठेवली.

"मॅडम, एकतीस नंबरचे रोजचे आकडे लागतील," ती म्हणाली. "सरासरी नको."

"मी वाचून दाखवते, तू लिही."

"नको. मीच बघते." तिने वही स्वतःकडे ओढली आणि आकड्याखाली बोट ठेवलं. आवाजात राग नव्हता. असता तर बाईंनी त्याला तोंड दिलं असतं. रागाशी दोन हात करायची त्यांना सवय होती.

बाई खिडकीपाशी उभ्या राहिल्या. समोर काचेच्या इमारतीत दवंडी कुठल्याशा नव्या माइकसमोर हात हलवत होता. तो तसाच मूर्ख होता, त्यात काही फरक पडला नव्हता. पण त्याच्याकडे बघून नाक मुरडायला बाईंना काही केल्या जमेना.

रविवारी सगळे नेहमीसारखे जेवायला जमले. बाई मटार सोलत बसल्या होत्या. सूनबाई आली, शेजारी बसली, तिने शेंगा पुढ्यात ओढल्या. गॅसवर सूप उकळत होतं. मुलगा बाहेरून ओरडला की भूक लागलीये, तशी ती उठली आणि तिने भांड्यावरचं झाकण काढलं.

"आई, मीठ घातलंय?"

"घातलंय," बाई म्हणाल्या.

"हो का," असं म्हणून सूनबाईने खण उघडून चमचा घेतला, थोडं सूप त्यात काढून फुंकलं आणि चाखून बघितलं. मग तिने वाढायला घेतलं.

नवऱ्याने ते दारातून पाहिलं आणि तो मागे वळला. बाईंनी मान खाली घातली आणि पुढची शेंग फोडली. मीठ बरोबर होतं.